पंपाची बाजू

त्यांच्यासमोर ‘बहुतेक’ हा शब्द काढायची सोय नव्हती.

जालन्याच्या एका जिनिंगमध्ये मी तेव्हा कापसाच्या काट्यावर कारकून होतो आणि ते इंजिनघरात मिस्त्री. माझी खोली इंजिनघराच्या भिंतीला लागून होती. हंगामात दिवसभर ती भिंत थरथरायची, खुंटीवरचा सदरा हलायचा, आणि त्या धडधडीच्याही वर मिस्त्रींचा आवाज यायचा. एकदा नवीन आलेला फिटर त्यांना म्हणाला, “मिस्त्री, बहुतेक पंप खराब झाला.” मिस्त्रींनी हातातला पाना खाली ठेवला आणि दाराकडे बोट केलं.

“जा. तो बहुतेक बाहेर चपलांपाशी ठेवून या. मंग बोलू.”

फिटर हसला. मिस्त्री हसले नाहीत. शेवटी तो गडी खरोखर दारापर्यंत जाऊन आला, तेव्हा त्याचं पुढचं ऐकून घेतलं.

डिझेलच्या इंजिनाला तेल जोरानं आत मारणारा एक पंप असतो. सगळ्या यंत्रात नाजूक तोच आणि महागही तोच. इंजिन रुसलं की पहिला आळ त्याच्यावर. मिस्त्रींना या गोष्टीचा मनापासून राग होता. “बिचाऱ्याला तोंड न्हाई, म्हणून जो तो त्याच्यावर,” असं ते म्हणायचे, आणि पंपाच्या लोखंडी पाठीवर वासराच्या पाठीवर ठेवावा तसा हात ठेवायचे.

ऐन तरुणपणी ते एका मुन्सफाच्या कोर्टात पुकारा करायला होते. दारात उभं राहून फिर्यादी आणि गवाहांची नावं मोठ्यानं हाकारायची, हे काम. चार वर्षं केलं आणि सोडलं. का सोडलं, असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, “तिथं आवाज माझा आन् बोलणं दुसऱ्याचं.” कोर्ट सुटलं, पण कोर्टातले शब्द काही सुटले नाहीत. बिघडलेलं इंजिन म्हणजे मुकदमा. ज्या भागावर संशय तो मुलजिम. इंजिन ज्यानं पाहिलं, ऐकलं, हुंगलं, तो प्रत्येक जण गवाह. आणि सगळ्या गवाहांचं बयान झाल्याशिवाय मिस्त्री हत्याराला हात लावत नसत. मालक डोक्यावर उभे राहून घड्याळ दाखवत, मिस्त्री शांतपणे कुणाला तरी विचारत बसलेले असायचे, “तू शेवटचं कवा ऐकलं? बराबर सांग.”

जिनिंगमध्ये रुईचा कचरा झाडणारी एक म्हातारी होती. एका हंगामात इंजिन मधूनच दचके खायला लागलं. दोन फिटरांनी पंप उघडायची तयारी केली. मिस्त्रींनी आधी म्हातारीला बोलावलं. ती घाबरली. तिला इंजिनातलं काय कळणार, असं सगळ्यांना वाटलं. मिस्त्रींनी तिला पोत्यावर बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं. म्हातारी म्हणाली, “त्या कोपऱ्यातलं नवं पिंप फोडलं ना, तवापासून त्याला उचकी लागली बघा.” मिस्त्रींनी ते पिंप दोन घटका हलवू दिलं नाही. मग तळाचा बूच काढला, तर पहिल्यांदा तेलाऐवजी निव्वळ पाणी आलं. म्हातारीला त्यांनी सगळ्या इंजिनघरासमोर हात जोडले. ती लाजून पदराआड गेली आणि पुढे दोन महिने झाडू घेऊन रोज इंजिनापाशी कान देऊन उभी राहायची.

ते काम करायचे पांढऱ्याशुभ्र धोतरात. इंजिनघरातली माणसं तेलानं काळी-निळी, आणि हे मधोमध लग्नाला निघाल्यासारखे. ज्याच्या कपड्याला डाग लागतो त्यानं घाई केलेली असते, असं त्यांचं मत होतं. त्यांची बहीण आक्का मात्र म्हणायची, “डाग न्हाई पडत, कारण समदी सकाळ विचारपूस करण्यात जाती. कामाला हात लावला तर पडल ना.” आक्का विधवा होती, घर तीच सांभाळायची, आणि मिस्त्री जगात फक्त तिच्यासमोर गप्प बसत.

बाभळीची एक हातभर काठी त्यांच्याजवळ कायम असे. तिचं एक टोक दातांत धरायचं, दुसरं चालत्या पंपावर टेकवायचं, डोळे मिटायचे. आतलं सगळं दातांतून ऐकू येतं म्हणायचे. मीही एकदा करून पाहिलं. माझी नुसती कवटी हलली. तेलाचा थेंब जिभेवर ठेवून त्यात रॉकेल मिसळलंय का, हे ते सांगत, आणि मग थुंकून चूळ भरत.

एवढा यंत्रांना न भिणारा माणूस, पण बैलांना भ्यायचा. बैलगाडीत म्हणून बसायचे नाहीत. रस्त्यानं गाडी आली की ओट्यावर चढायचे. “बैलाच्या मनात काय हाय त्याचं बयान कोण देणार,” असं त्याचं कारण.

पुढे मी जिनिंग सोडली आणि जाफराबादेच्या बाजूला एका बाईसाहेबांकडे कारभारी म्हणून राहिलो. बाईसाहेबांचे यजमान वारून सहा-सात वर्षं झाली होती. जमीन चांगली काळी, पण तिच्या मोठ्या तुकड्यात कुंद्याचं गवत माजलेलं. कुंद्याची मुळी कमरेइतकी खोल जाते. बैलांच्या नांगराला ती दाद देत नाही, वरून कापली की खालून दुप्पट येते. भाऊबंद म्हणत होते, ते रान आता गेलंच समजा. बाईसाहेबांनी कुठूनसं ऐकलं की तेलावर चालणारा नांगर निघालाय. मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून त्यांनी जुना, वापरलेला विलायती ट्रॅक्टर घेतला. गावात कुणाला खरं वाटेना.

ट्रॅक्टर आगगाडीनं जालन्याला उतरला तो दिवस मी विसरलो नाही. मी मिस्त्रींना बोलावलं होतं. लोखंडी चाकं, चाकांना पंज्यासारखे दाते, पुढे नाकासारखं धुराडं. हमाल मागे सरकले, मिस्त्री पुढे गेले. त्यांनी काठी दातांत धरली, दोघांना हँडल मारायला लावलं आणि इंजिनानं पहिला ठोका दिला तसे त्यांचे मिटलेले डोळे एकदम उघडले. “वय झालं हाय त्याचं,” ते म्हणाले, “पण दिल साफ हाय.” निघताना मला बाजूला घेऊन म्हणाले, “कारभारी, एक ध्यानात ठेवा. पंपाला धुळीपासून जपा. आतला दांडा आन् त्याचं घर, मधी केस जाईल एवढीबी फट न्हाई. एक कण गेला तर खेळ खलास.”

ती गोष्ट मी मनावर घेतली. फारच घेतली.

राजूरला गणपतीपुढं ट्रॅक्टर थांबवला तेव्हा देवळातली निम्मी माणसं रस्त्यावर आली. पुजाऱ्यानं धुराड्याला हार घातला, तो लगेच करपला. पोरं, बाया, म्हातारे, सगळे चाकांमागं पळत होते. चालवत होता मल्हारी. मेंढरांमागं हिंडणाऱ्या घरातला तो, पण एका साखर कारखान्याच्या शेतावर दोन वर्षं असंच यंत्र हाकून आला होता. बाईसाहेबांनी त्याला मुद्दाम शोधून आणलं होतं. कमी बोलायचा. यंत्राच्या बाबतीत तर आणखीच कमी. पण पहिल्या दिवशी त्यानं कुंद्याच्या रानात नांगर खाली सोडला आणि काळी ढेकळं उलटून पांढऱ्या मुळ्या आभाळाकडं झाल्या, तेव्हा बाईसाहेब बांधावर उभ्या होत्या, त्यांनी पदरानं डोळे पुसले. आम्ही सगळेच त्या दिवशी येड्यासारखे नांगरानं पाडलेल्या तासामागून चाललो होतो. मुळ्या हातात घेऊन एकमेकांना दाखवत होतो.

तीन आठवडे असं सुरळीत चाललं. मग आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आदल्या दिवसासकट दोन दिवस नांगर उभा राहिला, आणि त्यानंतर यंत्र बिघडलं.

बिघाड विचित्र होता. सकाळी सुरू केलं की झकास चालायचं. अर्धा-पाऊण तास झाला की जोर जायचा, धडधड पातळ व्हायची आणि ओढता ओढता ते बंद पडायचं. थोडा वेळ उभं ठेवलं की पुन्हा चालू, पुन्हा तेच. मृग लागायच्या आत रान निघालं नाही तर पाऊस पडून उलटलेला कुंदाही परत मूळ धरणार होता. मी मुंबईला पत्र घातलं. उत्तर आलं की पंप झिजला असावा, नवा बोटीनं यायला चार-पाच महिने लागतील.

त्याच दिवसांत माझं लक्ष मल्हारीकडे गेलं. मी बांधावरून तीनदा पाहिलं. रानाच्या पार टोकाला, जिथं कुणी नसतं, तिथं तो ट्रॅक्टर थांबवायचा, तेलाच्या टाकीचं झाकण उघडायचा आणि इकडंतिकडं बघायचा. शेजारी डबा ठेवलेला. तेव्हा तेल परवान्यावर मिळायचं, चोरून विकणाऱ्याला गिऱ्हाईक तयार असायचं. मी त्याला विचारलं, टाकी का उघडतोस. तो म्हणाला, “उघडली की जोर येतो.” मला वाटलं, मला खुळा समजतो. मी म्हणालो, आणि डबा? तो म्हणाला, “पाण्याचा हाय.” यापुढं मी विचारलं नाही. तेल काढतो, कमी पडलेल्या जागी रॉकेल ओततो, त्यानंच पंप खाल्ला, असा माझा हिशेब मनात जुळून गेला. मी जाफराबादच्या ठाण्याला चिठ्ठी पाठवली.

बाईसाहेबांना हे पटलं नव्हतं. त्या एवढंच म्हणाल्या, “त्याला न्यायच्या आधी तुमच्या त्या मिस्त्रींना एकदा आणा.”

मिस्त्री राजूरपर्यंत मोटारीनं आले. पुढं तीन कोस बैलगाडी होती. ते तीन कोस चालत आले, गाडीपासून चांगलं वीस हात अंतर ठेवून. वैशाखाचं ऊन. डोक्यावर ओलं उपरणं, हातात काठी, काखेत आक्कानं बांधून दिलेली भाकरी. शेतावर पोचले तेव्हा ठाण्याचा जवान आधीच येऊन बसला होता आणि मल्हारी बाभळीखाली होता. त्याच्या दोन्ही हातांना दोरी होती. मल्हारीची बायको लांब बांधावर बसलेली, मांडीवर लेकरू.

मी मिस्त्रींना मुंबईचं पत्र दिलं. त्यांनी वाचलं, घडी घातली आणि परत केलं.

“याच्यात दोन बहुतेक हायेत,” ते म्हणाले. “आन् हा कोण?”

“तेलाचा चोर,” मी म्हणालो.

“यंत्र हाच हाकतो?”

“हो.”

“मंग हा माझा पहिला गवाह. दोरी काढा.”

जवान म्हणाला, “मुलजिम हाय तो. ठाण्याच्या अमीनसाहेबांचा हुकूम हाय.”

मिस्त्रींनी आपला पुकाऱ्याचा आवाज काढला नाही. हळू बोलले. “भाऊ, चार साल अदालतीच्या दारात उभा राह्यलो मी. हात बांधलेल्या माणसानं खरं सांगितलेलं मी ऐकलं न्हाई. ज्यानं बांधले त्याला जे पाह्यजे तेच तो सांगतो. यंत्र सोडून पळून कुठं जाणार हाय?”

जवानानं बाईसाहेबांकडं पाहिलं. बाईसाहेबांनी मान हलवली. दोरी सुटली.

मिस्त्री मल्हारीच्या समोर मातीत मांडी घालून बसले, त्या पांढऱ्या धोतरासकट. भाकरी सोडली, अर्धी त्याला दिली. दोघं खाऊ लागले. आम्ही उन्हात उभे.

“कवापासून?” मिस्त्रींनी विचारलं.

“आखितीच्या दुसऱ्या दिवसापासून.”

“त्याच्या आधी?”

“कायबी न्हाई. वाघावानी चालत व्हतं.”

“जोर एकदम जातो का हळूहळू?”

“हळूहळू. माणसाला दम लागावा तसा.”

“धूर?”

“न्हाई. काळा न्हाई, पांढराबी न्हाई.”

“मंग तू काय करतो?”

मल्हारीनं एकदा माझ्याकडं पाहिलं. मग खाली बघत म्हणाला, “टाकी उघडतो. तेल सरलं का बघायला पहिल्यांदा उघडली व्हती. तेल भरपूर व्हतं. झाकण लावलं आन् हँडल मारलं तर बिलकुल पहिल्यासारखं चाललं. तवापासून जोर जायला लागला की उघडतो. काऊन चालतं ते मला ठावं न्हाई. म्या सांगितलं कारभाऱ्याला. त्यांना वाटलं मी खोटं बोलून राह्यलो.”

मिस्त्रींचा घास हातातच राहिला. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं. मला वाटलं, आता ते उठतील आणि टाकीकडं धावतील. पण ते म्हणाले, “बयान झालं. आता आधी मुलजिमाला बघू. पंपावर आळ हाय, त्याची बाजू पहिल्यांदा.”

मल्हारीनं आणि मी हँडल मारलं. एकाच हँडलला आमचे दोघांचे हात होते, आणि तो माझ्याकडं बघत नव्हता. यंत्र सुरू झालं. पंपातून चार नळ्या चार सिलिंडरांकडं जात होत्या. मिस्त्रींनी पहिल्या नळीची चाकी, म्हणजे नट, पान्यानं जरा सैल केली. तेल बाहेर फुसफुसलं, यंत्र लंगडलं. त्यांनी चाकी घट्ट केली, यंत्र सावरलं. दुसरी नळी, तसंच. तिसरी. चौथी.

“ऐकलं?” ते मला ओरडून म्हणाले, इंजिनाच्या वरून. “ज्याची नळी सैल करून यंत्राला फरक पडत न्हाई, तो कामचोर. इथं चारीबी बराबर कमावतेत. पंप झिजला असता तर एखादा तरी मागं राह्यला असता.”

मग त्यांनी काठी दातांत धरली, पंपावर टेकवली. बराच वेळ. ऊन त्यांच्या बंद पापण्यांवर होतं. काठी काढली तेव्हा ते हसत होते. “आत एक घर घड्याळावानी चालून राह्यलंय. कण न्हाई, खरड न्हाई. आता जुंपा नांगराला.”

मल्हारी वर चढला. नांगर जमिनीत गेला. आम्ही सगळे तासामागून चालू लागलो, बाईसाहेब, जवान, गावातली जमलेली वीस-पंचवीस माणसं आणि लेकरू कडेवर घेतलेली मल्हारीची बायको. सगळे इंजिन ऐकत होते. मी आयुष्यात कशाची इतकी वाट पाहिली नसेल. नांगराची एक फेरी, दुसरी फेरी, रानाच्या टोकाला वळण, परत. पाऊण तासानं धडधड पातळ झाली. मल्हारी म्हणाला होता तसं, दम लागावा तसं. मल्हारीचा हात सवयीनं झाकणाकडं गेला.

“थांब. हात लावू नको. मरू दे त्याला,” मिस्त्री ओरडले.

यंत्र दोन आचके देऊन बंद पडलं. एकदम शांतता. मिस्त्री धावले. त्यांना धावताना मी पहिल्यांदा पाहिलं. पंपाच्या अंगावर आतली हवा काढायचा एक स्क्रू असतो, तो त्यांनी सैल केला. तिथून तेल वाहायला हवं होतं. एक थेंब आला आणि थांबला.

“पंपाच्या पोटात काही न्हाई,” ते म्हणाले. “उपाशी हाय तो. उपाशी माणसाला आपण सगळ्यांनी आळशी ठरवलं.”

गाळणी उघडली, स्वच्छ. टाकीतून येणारी नळी सोडली, तिच्यातूनही नुसता एक थेंब, आणि टाकी तर तीन हिस्से भरलेली. मिस्त्रींनी नळी परत जोडली, स्क्रूपाशी दोन बोटं धरली आणि मल्हारीला म्हणाले, “आता उघड.”

मल्हारीनं झाकण फिरवलं. टाकीनं ‘सूऽऽ’ करून लांब श्वास आत ओढला. बांधापर्यंत ऐकू गेला असेल. आणि मिस्त्रींच्या बोटांवरून तेल भळाभळा वाहायला लागलं.

जमलेल्या माणसांत एकदम गलका उठला. जवानसुद्धा पुढं येऊन वाकून बघायला लागला. मिस्त्री बोटं वर धरून सगळ्यांना दाखवत होते, तेल कोपरापर्यंत ओघळत होतं. “बघा,” ते म्हणत होते, “तेल खाली जातं तसं त्याच्या जागी वरून वारा यावा लागतो. वारा न्हाई आला तर तेल टाकीतच अडकतं. त्यासाठी झाकणाला सुईएवढं छिद्र ठेवलेलं असतं. द्या ते झाकण.”

झाकण त्यांनी उलटसुलट केलं. छिद्राच्या जागी लाल ठिपका होता. त्यांनी नखानं तो खरवडला, नाकाशी धरला.

लाख होती. पत्रांवर मोहोर मारायची लाल लाख.

आखितीच्या दिवशी यंत्र उभं होतं तेव्हा वाऱ्यानं धुळीचे लोट येत होते. मी ट्रॅक्टर झाकून घेतला, पुसला, आणि झाकणाला ते बारीक छिद्र दिसलं. मला वाटलं, गंजून पडलंय. इथून धूळ आत जाईल आणि पंप जाईल. कचेरीतून लाख आणली, दिव्यावर वितळवली आणि काळजीनं ते छिद्र बुजवलं. नंतर ती गोष्ट माझ्या डोक्यातून गेलीही. आता ती सगळी एका क्षणात परत आली.

मिस्त्री माझ्याजवळ आले. ज्यांचा आवाज तीन गल्ल्या पलीकडं जायचा ते इतकं हळू बोलले की फक्त मलाच ऐकू आलं.

“ही लाख कचेरीतली हाय. मी सांगू का तुम्ही सांगता?”

मी बांधाकडं पाहिलं. मल्हारीची बायको लेकराला पाजत बसली होती. मी म्हणालो, “मी सांगतो.”

आणि सांगितलं. बाईसाहेबांसमोर, जवानासमोर, सगळ्या गावासमोर. छिद्र मी बुजवलं, आळ मी घातला, चिठ्ठी मीच पाठवली. शब्द एकामागून एक बाहेर पडत गेले. बाईसाहेब जवानाला म्हणाल्या, “तुम्ही जेवून जा. न्यायला कुणी न्हाई.”

मी मल्हारीपुढं गेलो. माफ कर म्हणालो. तो मनगटावरचे दोरीचे वळ चोळत होता.

“कारभारी,” तो म्हणाला, “तुम्ही एकडाव टाकी उघडून बघायची व्हती. मी सांगून राह्यल्तो.”

त्याहून जास्त तो त्या दिवशीही बोलला नाही आणि पुढंही कधी नाही. मी चार वर्षं तिथं होतो, तोही होता. काम नीट करायचा, विचारलं तेवढं सांगायचा. पण यंत्राचं काही नवं दुखणं निघालं की तो माझ्याकडं येत नसे. रविवारी राजूरहून मोटारीनं जालन्याला जायचा, मिस्त्रींच्या ओसरीवर बसायचा, आक्काच्या हातचं खाऊन परत यायचा. तिथं तो खूप बोलतो, असं मला आक्कानं सांगितलं. मला त्याचा हेवा वाटला.

मिस्त्रींनी मला एका शब्दानं टोचलं नाही. संध्याकाळी मीच म्हणालो, “तुम्हीच धुळीचं सांगितलं होतं म्हणून...” त्यांनी मला पुरं करू दिलं नाही. “खरं हाय,” ते म्हणाले, “धुळीचं सांगितलं, वाऱ्याचं सांगायला पाह्यजे होतं. अर्धी गलती माझी.” आणि ते खरोखर तसं मानत होते. जवान निघाला तेव्हा त्यांनी त्याच्याकरवी ठाण्याला चिठ्ठी लिहून पाठवली, त्यात ही अर्धी गलती नोंदवली होती.

पुढं राज्यच बदललं, ती जिनिंग बंद पडली आणि मिस्त्री आक्काला घेऊन परभणीकडं कुठंतरी गेले. पत्ता मिळाला नाही. मल्हारीकडं होता की काय, कुणास ठाऊक. मी विचारलं नाही. पण मिस्त्री आठवले की मला ती दुसऱ्या दिवशीची सकाळ दिसते.

छिद्र सुईनं मोकळं झालं होतं, यंत्र उजाडल्यापासून न थांबता चाललं होतं. मिस्त्री बांधावर उभे होते, जायला निघालेले. उपरणं बांधलं होतं. मल्हारीनं वळणावर ट्रॅक्टर त्यांच्यापुढं आणून थांबवला आणि चाकावरच्या पत्र्यावर हात आपटला. “बसा मिस्त्री.”

मिस्त्री मागे सरकले. “पडन मी.”

“मी हाय ना. बसा.”

मल्हारीनं हात दिला. मिस्त्री धोतर आवरत वर चढले आणि दोन्ही हातांनी पत्र्याला घट्ट धरून बसले, चेहरा पांढरा पडलेला. नांगर खाली गेला, ट्रॅक्टर हलला आणि त्यांच्या तोंडून काहीतरी बारीक आवाज निघाला. पहिल्या फेरीला त्यांनी डोळे मिटले होते. दुसरीला मागं वळून उलटणारी माती बघत होते. तिसरीला एक हात सोडून त्यांनी बांधावरच्या माणसांना हात केला, आणि बाया-माणसं, पोरंसोरं सगळ्यांनी परत हात केले. त्यांचं उपरणं उडून तासात पडलं. ते त्यांना कळलंही नाही.

मल्हारीनं बांधापाशी थांबवून विचारलं, “उतरता का मिस्त्री? मोटार चुकंल तुमची.”

मिस्त्रींनी नाही म्हणून मान हलवली. त्यांच्या डोळ्यांत धुळीमुळं की कशामुळं, पाणी होतं.

“तीस साल इंजन चालवून राह्यलो,” ते म्हणाले. “चाललेलं आज पाह्यलं.”

मल्हारी हसला. मग त्यानं पुन्हा गिअर टाकला.